कोकणात राहून पुस्तकांचं संपादन: पहिल्या फाइलपासून बिलापर्यंत

काही वर्षांपूर्वी एका कादंबरीचं मुद्रित (प्रूफ) माझ्याकडे शेवटच्या वाचनाला आलं. गोष्ट मालवणजवळच्या खाडीकाठची. त्यात एक वाक्य होतं, "भांगाचे दिवस होते, पाणी खाडीत फारसं चढत नव्हतं." माझ्याआधी ज्यांनी मुद्रित वाचलं त्यांनी 'भांगाचे'खाली रेघ ओढून समासात लिहिलं होतं, "भांगेचे? होळीचा संदर्भ आहे का?" परस्पर बदल न करता त्यांनी शंका विचारली हे योग्यच केलं. पण अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची भरती येते आणि अष्टमीच्या सुमारास येते ती कमी जोराची भांगाची, हे समुद्राकाठच्या पोरालाही ठाऊक असतं. वेंगुर्ल्यात घरी बसून मी जे काम करते त्यात माझ्या कानालाही किंमत आहे, हे मला त्या शेऱ्यानं शिकवलं.

हा लेख कोकणात राहून मराठी संपादनाचं काम करू पाहणाऱ्यांसाठी आहे. शिक्षक, ग्रंथपाल, पत्रकार, घर सांभाळून काही करू इच्छिणाऱ्या बायका, कुणीही. मी जसं काम करते त्याच क्रमानं सांगते.

आधी कामाचं नाव ठरवा

"जरा नजर घाला" असं म्हणून लोक तीन वेगळी कामं आपल्याकडे देतात. पहिलं आशयाचं संपादन: प्रकरणांचा क्रम, कुठे लांबण लागली आहे, कुठलं पात्र मध्येच हरवलं. दुसरं भाषिक संपादन: वाक्यरचना, शब्दयोजना, लेखनाचे नियम, तपशिलातली विसंगती. तिसरं मुद्रितशोधन: पानं लागल्यावर, म्हणजे छापायच्या पानांची मांडणी झाल्यावर, उरलेल्या आणि नव्यानं शिरलेल्या चुका पकडणं. तिन्ही एकदम करायला गेलं तर तिन्ही अर्धवट होतात. वाक्याचा ऱ्हस्व-दीर्घ बघणारा डोळा प्रकरणाची चाल बघू शकत नाही. म्हणून पहिल्याच फोनवर विचारा: पानं लागली आहेत की अजून वर्डची फाइल आहे? लेखक मजकूर बदलायला तयार आहे का? या दोन प्रश्नांतून काम कोणतं ते कळतं.

नमुना करून मग दर सांगा

संहिता न बघता दर सांगू नका. मधलं एखादं प्रकरण मागवा, पहिलं नको, कारण पहिल्या प्रकरणावर लेखकानं सगळ्यात जास्त हात फिरवलेला असतो. त्यातल्या दोन हजार शब्दांवर घड्याळ लावून खरं काम करा.

समजा, त्याला दोन तास लागले. कादंबरी साठ हजार शब्दांची असेल तर साठ तास झाले. त्यात शंका, फोन आणि दुसऱ्या फेरीसाठी पाव भाग मिळवा: पंच्याहत्तर तास. तासाला तीनशे रुपये मिळावेत असं तुम्हाला वाटत असेल तर साडेबावीस हजार, म्हणजे शब्दाला साडेसदतीस पैसे. आकडे उदाहरणादाखल आहेत, पण हिशोबाची रीत हीच ठेवा. पानावर दर सांगायचा असेल तर पान म्हणजे किती शब्द ते लिहून घ्या. डेमी आकाराचं छापील पान आणि वर्डमधलं ए-फोर पान यांत बराच फरक असतो, आणि तो फरक नेमका आपल्या खिशातून जातो.

करार दहा पानी नको, एक ईमेल पुरतो. काम कोणतं, शब्दसंख्या किती, किती फेऱ्या, तारीख, रक्कम, निम्मे पैसे सुरुवातीला, श्रेयनामावलीत नाव जाणार की नाही. समोरून "मान्य" असं उत्तर आल्याशिवाय फाइल उघडू नका. सुरुवातीला एका स्मरणिकेचं काम मी नुसत्या तोंडी बोलण्यावर केलं. तीनदा मजकूर बदलून आला आणि शेवटी मला एका फेरीचेच पैसे मिळाले. भांडायला हातात कागद नव्हता.

फाइल आली की

मूळ फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि तिला पुन्हा हात लावू नका. कामाच्या प्रतीला नाव द्या: पुस्तक, फेरी, तारीख. मग फॉन्ट बघा. आपल्या भागातले बरेच ज्येष्ठ लेखक गावातल्या टायपिंगवाल्याकडून मजकूर करून घेतात आणि तो श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये येतो. युनिकोडमध्ये रूपांतर करताना रफार, 'श्र', 'क्ष', 'ऱ्या' आणि पहिली वेलांटी इथे हमखास गडबड होते, म्हणून रूपांतरानंतर ही अक्षरं शोधून तपासा. हाताने लिहिलेली वही आली तर नम्रपणे सांगा की टंकलेखनाचे पैसे वेगळे.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट: संपूर्ण संहिता एकदा काहीही न दुरुस्त करता वाचा. हात शिवशिवतील, तरीही. मी या वाचनाला बाहेर पडवीत बसते, टॅबवर, म्हणजे बदल करण्याची सोयच नसते. लेखकाचा आवाज कानात बसला की मग कुठली गोष्ट चूक आहे आणि कुठली त्याची लकब, हे कळतं.

शैलीपत्रक

प्रत्येक पुस्तकासाठी एक वेगळं शैलीपत्रक करा. हे दोन-चार पानांचं टिपण असतं आणि त्यात त्या पुस्तकापुरते घेतलेले निर्णय लिहिलेले असतात. निवेदन 'केले, गेले' असं चालणार की 'केलं, गेलं' असं? आकडे अक्षरात की अंकात? अवतरणचिन्हं एकेरी की दुहेरी? पात्रांची नावं, नाती, वयं, गावं.

गावाच्या नावाचंच बघा. संस्कृतातून आलेला ऱ्हस्वान्त शब्द समासात पहिला आला तर ऱ्हस्व राहतो, म्हणून कविराज, गुरुवर्य; त्या हिशोबानं 'गणपतिपुळे' हवं. पण पाट्यांवर आणि लोकांच्या लिहिण्यात 'गणपतीपुळे' रुळलं आहे. मी प्रवासवर्णनात रुळलेलं रूप ठेवते आणि पत्रकात नोंदवते. तुम्ही दुसरं ठरवलंत तरी चालेल, फक्त पान १२ वर एक आणि पान ९० वर दुसरं होता कामा नये.

नियमांचा पाया पक्का हवा. मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम १९६२ मध्ये आले, १९७२ मध्ये चार वाढले, असे अठरा. ते छापून भिंतीला लावा. रोज लागतात ते थोडेच: शेवटचा इकार-उकार दीर्घ (कवी, गुरू), अकारान्त शब्दाचा उपान्त्य (शेवटच्या अक्षराआधीचा) इकार-उकार दीर्घ आणि सामान्यरूपात ऱ्हस्व (चूल–चुलीवर, मीठ–मिठाचं, वीज–विजेचा, कोळीण–कोळिणीला), तत्सम शब्दात मात्र तो दीर्घच राहतो (शरीर–शरीराला). अडलं की अरुण फडके यांचा 'मराठी लेखन-कोश' उघडा, त्यात सामान्यरूपंही दिलेली आहेत.

जुन्या पिढीच्या वह्यांत 'नांव', 'कांहीं', 'गांव', 'तें' असे अनुस्वार दिसतील. ती चूक नव्हे, १९६२ पूर्वीची पद्धत आहे. आजोबांच्या आठवणींचं पुस्तक आज छापायचं असेल तर ते अनुस्वार काढा. जुने उतारे असतील तर नियमांनीच वाट घालून दिली आहे: केशवसुतांपूर्वीचं पद्य आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांपूर्वीचं गद्य मुळाप्रमाणे छापायचं, नंतरचं आजच्या नियमांप्रमाणे. मराठी लेखनाची ही सीमारेषा आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या मालगुंडात जन्मलेल्या कवीच्या नावानं आखली गेली आहे, याचा मला दर वेळी आनंद होतो.

बोलीला हात लावण्याआधी

इथे मी थोडी थांबणार आहे, कारण कोकणातल्या संपादकाची खरी कमाई इथेच आहे.

त्याच नियमावलीत पात्राच्या तोंडची बोली तिच्या उच्चारांप्रमाणे लिहायला मुभा आहे. म्हणजे "माका म्हायत नाय" याला कुणी अशुद्ध म्हणू शकत नाही. पण बोलीलाही व्याकरण असतं आणि ते सांभाळावं लागतं. मालवणीत 'चेडू' नपुंसकलिंगी: ता चेडू, चेडू इला. बाहेरचा वाचक मुलगी म्हणून 'चेडू इली' करून टाकतो आणि वाक्य मरतं. उलट, शहरात वाढलेला लेखक आजीच्या तोंडी अर्धी मालवणी, अर्धी टीव्हीवरची गावठी घालतो. तेव्हा त्याला सांगावं लागतं की एक तर नीट ऐकून लिहा, नाही तर साधं मराठी ठेवा.

दुसरा सापळा म्हणजे दिसायला ओळखीचे शब्द. देशावर 'खळं' म्हणजे धान्याची मळणी करायची जागा. सिंधुदुर्गात घरापुढचं सारवलेलं अंगणही खळंच. 'गाऱ्हाणं' इतरत्र तक्रार; आमच्याकडे देवाला घातलेलं, प्रत्येक ओळीला "व्हय महाराजा" म्हणून साथ मिळणारं. 'लावणी' म्हटलं की बाहेरच्या वाचकाला फड आठवतो, आम्हाला चिखलात रोवायचा भाताचा तरवा. असे शब्द काढून टाकू नका आणि प्रत्येकाला तळटीपही देऊ नका. आजूबाजूच्या वाक्यात अर्थ उजळेल असं एखादं क्रियापद किंवा वस्तू लेखकाला सुचवा. "खळ्यात खाट टाकून बसले" एवढ्यानंही काम होतं. शब्दसूची अगदीच अडणाऱ्या वीस-पंचवीस शब्दांची पुरे.

शंका असली तर दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' बघा. १९३२ ते १९३८ या काळात निघालेल्या या कोशात शब्दापुढे (कु.), (गो.), (राजा.) असे प्रांताचे संक्षेप आहेत, म्हणजे शब्द कुडाळकडचा की गोव्याचा की राजापूरचा ते कळतं. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ ची आवृत्ती आणि हा कोश, दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट चाळता येतात. पुस्तक हातात घेऊन बघायचं असेल तर आपली जुनी वाचनालयं आहेत. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय १८२८ पासूनचं आहे.

आणि आपली हद्द ओळखा. मला मालवणी येते, संगमेश्वरी समजते, आगरी येत नाही. पेण-अलिबागकडची संहिता आली की त्या भागातल्या ओळखीच्या बाईंना संवाद दाखवते आणि त्यांचा मोबदला दरात आधीच धरते. प्रकाशक कधी विचारतात, "हे कोंकणीच ना?" कोंकणी १९९२ पासून राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत स्वतंत्र भाषा म्हणून आहे, तिचे स्वतःचे लेखनसंकेत आहेत. मालवणी मजकुराला ते परस्पर लावू नयेत.

शंका लिहिण्याची रीत

संपादकाचं निम्मं काम दुरुस्त्यांत असतं, निम्मं प्रश्नांत. बदल 'ट्रॅक चेंजेस' लावूनच करा, म्हणजे लेखकाला प्रत्येक काटछाट दिसते. अर्थाला स्पर्श करणारं काहीही असेल तर बदल न करता टिप्पणी टाका. माझी एक टिप्पणी जशीच्या तशी देते. लेखक निवृत्त शिक्षक होते.

"गुरुजी, पान ४७ वर बायजी 'चेडू इला' म्हणते आणि पान ५२ वर तीच 'मुलगी आली' म्हणते. दुसऱ्या ठिकाणी ती तालुक्याच्या साहेबांशी बोलते आहे, म्हणून मुद्दाम भाषा बदलली आहे का? तसं असेल तर मी हात लावत नाही."

गुरुजींचा फोन आला. मुद्दामच होतं. "तुमका कळला, माका बरा वाटला," म्हणाले. मी न विचारता दोन्ही वाक्यं सारखी केली असती तर त्या बाईचा साहेबासमोरचा संकोच पुस्तकातून गेला असता.

टिप्पणीत पान, नेमके शब्द, अडचण आणि एक सुचवणी एवढं असावं. "हे नीट करा" असं कधी लिहू नये. चांगल्या परिच्छेदालाही "हा फार आवडला" असं लिहा, खरोखर आवडला असेल तर. साठ हजार शब्दांवर नुसत्या लाल खुणा बघून माणूस खचतो.

शोधा आणि बदला: जपून

एका प्रवासलेखसंग्रहात लेखकानं सगळीकडे 'सह्याद्रीच्या दर्या' असं टंकलं होतं. त्यांच्या कळफलकावर 'ऱ्या' सापडत नव्हता. मी एका झटक्यात सगळे 'दर्या' 'दऱ्या' करून टाकले. मग दिसलं की मुरुडच्या प्रकरणात खवळलेल्या दर्याच्या दऱ्या झाल्या होत्या आणि 'सौंदर्याचा' जागोजाग 'सौंदऱ्याचा' झाला होता. सगळी फाइल मागच्या प्रतीवरून पुन्हा करावी लागली, एक अख्खा दिवस गेला. मराठीत शब्दाच्या पोटात शब्द असतात, प्रत्यय चिकटून येतात, म्हणून एकेक ठिकाण बघूनच बदला.

याच अक्षराची आणखी एक गंमत ध्यानात ठेवा. युनिकोडमध्ये 'ऱ्या' दोन तऱ्हांनी टंकता येतो: टिंबवाला 'ऱ' घेऊन, किंवा 'र', हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह घेऊन. डोळ्यांना दोन्ही सारखे, पण एक शोधला तर दुसरा सापडत नाही. कामाच्या सुरुवातीलाच सगळे एका तऱ्हेचे करून घ्या.

मुद्रित वाचताना

पानं लागून आली की आधी मजकूर वाचू नका. पृष्ठांक, प्रकरणांची नावं, अनुक्रमणिका, शीर्षपान, मलपृष्ठ एवढंच बघा. मोठ्या अक्षरातल्या चुकाच डोळ्यांतून निसटतात. जोडाक्षरं सुटी पडलेली किंवा वेलांटी भलत्या जागी दिसली तर पानं लावणाऱ्याला सांगा, इनडिझाइन या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये 'वर्ल्ड-रेडी कंपोझर' निवडलेला आहे का ते बघायला. हाताने एकेक दुरुस्त करायला लावू नका.

मग मोठ्यानं वाचा. कागदावर, ओळीखाली पट्टी धरून, दिवसाला साठ-सत्तर पानांच्या वर नाही. दुसऱ्या मुद्रितात फक्त पहिल्या दुरुस्त्या झाल्या का आणि त्या ओळीच्या आसपास नवं काही बिघडलं का, एवढं तपासा.

कोकणातलं वेळापत्रक

दिवाळी अंकांचं काम ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात कोसळतं. १९०९ मध्ये 'मनोरंजन' मासिकानं दिवाळी अंकाची प्रथा सुरू केली तेव्हापासून मराठी मजकुराचा हाच हंगाम आहे. आणि त्याच्या ऐन मध्यावर आपले गणपती. घरात पाहुणे, आरत्या, भजनं, रात्री जागरण. मुंबई-पुण्याच्या संपादकांना हे आधी सांगितलं तर ते समजून घेतात, आयत्या वेळी सांगितलं तर नाही. मी जुलैतच कळवते: चतुर्थीच्या आधीचे दोन आणि नंतरचे सात दिवस काम घेणार नाही.

पावसाचंही तसंच. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड आणि उत्तर रत्नागिरीतल्या कित्येक गावांत खूप दिवस वीज नव्हती. पुढच्या मे महिन्यात तौक्तेनं सिंधुदुर्गाला झोडपलं. तेव्हापासून मी जून ते सप्टेंबर या काळात दिलेल्या तारखेत चार दिवस जास्तीचे धरते, इन्व्हर्टर ठेवते, दोन वेगळ्या कंपन्यांची सिमकार्डं ठेवते, आणि चालू प्रकरण संध्याकाळी छापून घेते. वीज गेली तर कंदिलाजवळ पेन्सिलीनं काम होतं.

बिल आणि पैसे

काम पाठवलं त्याच दिवशी बिल पाठवा. प्रकाशक व्यावसायिक शुल्कातून १० टक्के उद्गम करकपात (टीडीएस) करू शकतो; १ एप्रिल २०२५ पासून एकाच देणेकऱ्याकडून वर्षाला ५०,००० रुपयांपर्यंत ती लागत नाही. कापलेला कर आयकर खात्याच्या संकेतस्थळावर आपल्या नावावर दिसतो आणि आयकर विवरणपत्र भरून, देय कर कमी असेल तर, परत मिळतो. जीएसटी नोंदणी वर्षाची उलाढाल वीस लाखांवर गेल्याशिवाय साधारणपणे लागत नाही. बाकी शंका गावातल्या सीएला विचारा.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, मात्र जरूर करा. ऑनलाइन आहे, फुकट आहे, त्यासाठी एजंटाला पैसे देऊ नका. सूक्ष्म उद्योग म्हणून नोंद झाली की सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्याचं संरक्षण मिळतं: लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत पैसे मिळायला हवेत, उशीर झाला तर व्याज. मी बिलाखाली नोंदणी क्रमांक आणि ही मुदत छापते. कुणावर दावा लावायची वेळ आलेली नाही, पण ती ओळ छापायला लागल्यापासून आठवणीचे फोन बरेच कमी करावे लागतात.

काम कुठून मिळेल

मोठ्या प्रकाशकांना पत्र लिहाच, सोबत संपादित केलेल्या दोन पानांचा आधीचा आणि नंतरचा नमुना जोडा (लेखकाची परवानगी घेऊन). पण सुरुवात घराजवळ होते. शाळेच्या शताब्दीची स्मरणिका, देवस्थानाची माहितीपुस्तिका, बागायतदार संघाचं वार्षिक, पर्यटकांसाठी मराठी-इंग्रजी पत्रकं. १९९१ मध्ये स्थापन झालेल्या कोकण मराठी साहित्य परिषदेच्या शाखांच्या कार्यक्रमांना जा, पहिलं पुस्तक काढणारे लेखक तिथे भेटतात. दोन भाषांचं काम आलं तर घाबरू नका. देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ ला 'दर्पण' काढलं ते मराठी आणि इंग्रजी असे दोन स्तंभ शेजारी शेजारी ठेवूनच.

शब्दवही

शेवटचं काम रोजचं आहे. एक जाड वही करा. ऐकलेला शब्द, अर्थ, ज्या वाक्यात ऐकला ते वाक्य जसंच्या तसं, बोलणाऱ्याचं गाव आणि साधारण वय. नुसता शब्द-अर्थ लिहिला तर सहा महिन्यांनी तो कसा वापरायचा ते आठवत नाही. माझ्या वहीतली परवाची नोंद अशी आहे: येरवाळी – लवकर, वेळ असताना. "उद्या येरवाळी ये हां, मगे माका बाजारात जावचा आसा." शेजारच्या काकी, उभादांडा, वय सत्तरीच्या पुढे.